म्हशीवर कोण रागावतं?

"मॅडम, सगळं पाळतोय की ओ. तरी शुगर खाली येईना. मग रोज बोटं टोचून घ्यायची कशाला?"

खानापूरचा शेतकरी असो, वडगावचा मागवाला असो, नाहीतर टिळकवाडीतले बँकेतून निवृत्त झालेले साहेब. प्रत्येकाची मराठी वेगळी, पण तक्रार हीच. मी बेळगावात समुपदेशन करते. डॉक्टर त्यांना माझ्याकडे पाठवतात ते "पथ्य पाळत नाहीत, जरा समजावा" असं सांगून. आता समजावायचं काय? भात किती, भाकरी किती, चालायचं किती, सगळं त्यांना पाठ असतं. गुळाचा चहा चालतो अशी एखादी समजूत निघते. गूळही शेवटी साखरच, हे सांगायला दोन मिनिटं पुरतात. आणि कारल्याच्या रसाबद्दल तर तेच मला शिकवून जातात. ज्यांना सगळं माहीत आहे, त्यांना आणखी माहिती देऊन काय होणार?

आप्पांची गोष्ट त्यासाठीच सांगते. त्यांची परवानगी घेतली आहे, आणि ओळख पटेल असे तपशील बदललेत.

आप्पा निपाणी भागातल्या एका गावचे. वय ५८, शुगर नऊ वर्षांची. बायकोला, म्हणजे आमच्या काकींना, घेऊन दीड-दोन तास बसने बेळगावला यायचे. जवळपास कुणाकडे गेलं आणि ओळखीच्यानं पाहिलं, तर 'आप्पाचं डोकं फिरलंय' ही बातमी त्यांच्याआधी गावात पोचली असती. गावच्या दूध संस्थेत सत्तावीस वर्षं दूध तपासायचं काम. सकाळ-संध्याकाळ किटल्यांची रांग, फॅट काढायची, आकडा लिहायचा.

पहिल्याच दिवशी त्यांनी शुगरची वही माझ्यासमोर ठेवली. ११०, ११२, १०८, ११०. पानभर तेच. निळं पेन, एका बैठकीत लिहिल्यासारखं एकसारखं अक्षर. वहीखाली लॅबचा रिपोर्ट होता, त्यात एचबीए१सी ९.४. हा आकडा साधारण तीन महिन्यांच्या शुगरचा हिशेब सांगतो, आणि ९.४ म्हणजे सरासरी २२०च्या घरात. वहीत ११०, रक्तात २२०.

मी वही मिटून परत दिली. सुरुवातीच्या वर्षांत मी अशी चोरी पकडून दाखवायची आणि मनातल्या मनात खूश व्हायची. माणूस पुन्हा यायचा नाही.

"आप्पा, आकडा जास्त आला की काय वाटतं?"

"काय वाटायचं? लाज वाटती."

"आणि मग?"

ते गप्प बसले. बोलल्या काकी. "मग रातच्याला जेवत न्हाईत."

हे डॉक्टरांना ठाऊक नव्हतं. जेवण बंद, पण गोळी चालू. आप्पांची गोळी अशी, की माणूस जेवो न जेवो, ती शुगर खाली ओढणारच. एकदा रात्री तीनला अंग घामानं भिजलं, हात थरथरायला लागले, छातीत धडधड. हार्टच आहे म्हणून पोरानं शेजाऱ्याची गाडी काढली. दवाखान्यात शुगर भरली ५४.

इथे मी बाकीचं सगळं बाजूला ठेवलं, आणि वाचणाऱ्यांनाही तेच सांगते. घाम, थरथर, अचानक कडकडून भूक, धडधड असं काही झालं तर लगेच तपासा. ७०च्या खाली असेल, किंवा मशीन हाताशी नसेल, तर तीन चमचे साखर पाण्यात ढवळून प्यायची. पंधरा मिनिटांनी पुन्हा बघायचं, कमीच असेल तर पुन्हा तेवढीच साखर, आणि बरं वाटल्यावर थोडं जेवायचं. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालू नका, तडक दवाखाना गाठा. गोळी घेऊन जेवण टाळायचं नाही, आणि गोळी कमी-जास्त करायची ती डॉक्टरांना विचारूनच. आप्पांना मी त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे पाठवलं, त्यांनी डोस बदलला. तेव्हापासून खिशात तंबाखूच्या पुडीशेजारी साखरेची पुडी आली. तंबाखूची पुडी अजून गेलेली नाही. ते भांडण चालू आहे.

काकींशी मी एकदा एकटीनं बोलले. त्या रोज सकाळी चुलीपुढून ओरडून विचारायच्या, "आज किती?" सुना, नातवंडं, सगळ्यांच्या देखत. काकींच्या भावाचा पाय शुगरनं गेला होता. त्या विचारायच्या भीतीपोटी, आणि आप्पांना वाटायचं ऑडिटर आला.

तिसऱ्या भेटीत आप्पा तावातावानं आले. "मशीनच खोटं बोलतंय. बगा, तुमच्यासमोरच दाखवतो." डब्यातून पट्टी काढली, बोट टोचलं. २८६. "बगितलं? सकाळी १८० व्हती. मधे नुसतं एक संत्रं खाल्लंय." बसमध्ये सोलून खाल्लं होतं. बोटाला अजून वास येत होता. मी म्हटलं, हात साबणानं धुऊन, पुसून या. नव्या पट्टीवर आकडा आला १९१.

मशीनकडे बघत राहिले आप्पा. मग हसले. "म्हंजे भांडंच धुतलेलं नव्हतं म्हणा की."

फळाचा रस बोटाला लागलेला असला तर तो रक्ताच्या थेंबात मिसळतो आणि आकडा फुगतो, एवढं सांगून मी थांबणार होते. पण 'भांडं' हा शब्द त्यांनी त्यांच्या कामातून आणला होता. मी तो उचलला. त्या क्षणाचं मला अजूनही बरं वाटतं, लपवत नाही.

"आप्पा, तुमच्याकडं एखाद्याच्या म्हशीची फॅट कमी लागली, तर काय करता?"

"काय करायचं? इचारायचं. वैरण बदलली का, पेंड घातली का, आजारी हाय का. धार शेवटपत्तूर काढली का, ते बी बगायचं. फॅट शेवटच्या धारंत जास्त असती."

"म्हशीवर रागावत नाही?"

"म्हशीवर कोण रागावतं?"

"तिला रात्री उपाशी ठेवत नाही?"

ते उत्तर द्यायला गेले आणि थांबले. खोलीत पंख्याचा आवाज तेवढा होता. मी काही बोलले नाही. अशा वेळी समुपदेशकानं जीभ दाताखाली धरावी.

बऱ्याच वेळानं म्हणाले, "सत्तावीस वर्सं लोकांचा आकडा एक पॉइंट बी फिरवला न्हाई. आणि सोताची वही...?"

मला जे सांगायचं होतं ते त्यांनीच सांगितलं. मी विवेकनिष्ठ विचारसरणी मानणारी आहे. ती मांडणारे मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांना स्वतःला चाळिशीत मधुमेह निघाला, आणि तो सांभाळत ते ९३ वर्षं जगले. त्यांच्याकडून मी एक गोष्ट घेतली. दुखणं शरीरात असतं, पण त्यावर आपण एक 'च' लावतो. 'माझी शुगर नॉर्मल आलीच पाहिजे.' आली नाही की शुगर वाईट ठरत नाही, माणूस वाईट ठरतो. मग माणूस लपवतो, किंवा स्वतःला शिक्षा करतो. आप्पा दोन्ही करत होते. 'शुगर आटोक्यात असावी, त्यासाठी मी झटेन' यात झटणं तेवढंच आहे, फक्त फास नाही.

पुढचं काम सोपं होतं. नवी वही केली. आकड्यापुढे एक रिकामा रकाना, 'वैरण' नावाचा. नाव त्यांचंच. काय खाल्लं, झोप कशी, ताप, सर्दी, कटकट, सगळं तिथे. जेवणाआधी एकदा आणि दोन तासांनी एकदा अशी जोडी आठवड्यातून दोन-तीनदा. नुसता सकाळचा एक आकडा बघून आपण काय खाल्लं ते कळत नाही. सकाळचा आकडा अनेकांना छळतो: "रात्री भाकरीचा तुकडासुद्धा जास्त खाल्ला नाही, तरी १६८!" पहाटे शरीर जागं व्हायच्या तयारीत काही संप्रेरकं सोडतं आणि यकृत आपल्याकडची साखर रक्तात ओततं. तुमची चोरी त्यात नाही. असं रोजच होत असेल तर वही डॉक्टरांना दाखवा, उपाय असतो.

एचबीए१सी म्हणजे दूध संस्थेचं दहा दिवसांचं बिल, हेही आप्पांनीच मला समजावलं. एका किटलीवर बिल ठरत नाही.

आणि काकींनी "आज किती?" विचारणं सोडलं. त्याऐवजी संध्याकाळी विचारतात, "येताय का फिराय?" परत आल्यावर आप्पांचे तळपाय बघतात, चिर आहे का, फोड आहे का. भावाच्या पायाला ती सवय लागली असती तर, असं त्या एकदा म्हणाल्या. त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

सहा महिन्यांनी एचबीए१सी ७.८ आलं. सातच्या खाली हवं होतं, नाही आलं. आप्पा रिपोर्ट घेऊन आले ते तोंड न लपवता. जाताना त्यांनी वही उघडून दाखवली. काही पानांवर पेन काळं, काहींवर निळं, एका पानावर चहाचा डाग. गेल्या महिन्यातल्या एका तारखेसमोर लिहिलं होतं:

'२३४. भाच्याचं लगीन. जिलब्या तीन. तिसरी हिनं वाढली.'