दुसऱ्या मुलाचा प्रश्न

चि. मुलीस,
अनेक आशीर्वाद.

दुसरे मूल होऊ दिले नाही तर लेकीवर अन्याय होईल का, असे तू परवा विचारलेस. सासूबाईंना नातीसाठी सोबत हवी आहे, नवरा बाणेरच्या शाळांच्या फीचा हिशेब मांडून बसला आहे आणि लोकसंख्या घटण्याच्या बातम्यांनी तू आणखी बावरली आहेस. माझे म्हणणे एकच आहे, की मूल कोणत्याही कामासाठी जन्माला घालू नये.

आपल्या आज्या-पणज्यांच्या सात-आठ बाळंतपणांमागे शेतावरचे हात आणि म्हातारपणचा आधार हे हिशेब होतेच; शिवाय त्यांतली किती मुले जगतील याची शाश्वती नव्हती. लसी आल्या, मुले जगू लागली, मुली शिकल्या, लग्नाचे वय वाढले आणि महाराष्ट्रात १९९२-९३ मध्ये एका स्त्रीमागे सरासरी २.९ असलेली मुले २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १.७ वर आली. पिढीची जागा पिढीने भरून काढायला २.१ लागतात, हे खरे. पण ती तूट भरून काढण्याचे काम तुझ्या गर्भाशयाकडे कोणी सोपवलेले नाही. आंध्र प्रदेशाने स्थानिक निवडणुकांसाठी घातलेली दोन अपत्यांची अट २०२४ मध्ये स्वतःच काढून टाकली. धोरणे फिरतात, मूल मात्र वाढवावे लागते. र. धों. कर्व्यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढून लोकांचा रोष ओढवून घेतला, तो अशा निर्णयाचा अधिकार बाईच्या हाती यावा म्हणूनच.

मुलगा हवा म्हणून मूल, हेही कामच. कुटुंबे लहान झाली, मुलग्याचा हट्ट तेवढाच राहिला आणि २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे महाराष्ट्रात ८९४ मुली उरल्या. आम्ही एका मुलीवर थांबलो तेव्हा नातेवाइकांनी मला हेकट म्हटले. मी हेकट होते, आजही आहे आणि तो निर्णय मला आजही योग्य वाटतो. सदाशिव पेठेतला वाडा सुटून कोथरूडच्या फ्लॅटमध्ये आल्यावर माझ्या मुलीची चुलत भावंडे दुरावली, याची खंत मात्र आहे.

आता तुझ्या पिढीविषयी. मुले कमी झाली तशी प्रत्येकीच्या वाट्याला माया जास्त आली, हे चांगलेच झाले. पण आईबापांची सगळी स्वप्ने पुरी करण्याचे नवे काम त्या एकटीच्या गळ्यात पडले. साडेतीन वर्षांच्या पोरीला अबॅकसला घालू का, हे मला पुन्हा विचारू नकोस! तिला संध्याकाळी सोसायटीच्या अंगणात सोड, सुटीत मावसभावंडांना आठवडाभर घरी आण. सोबत अशीही मिळते.

तुला स्वतःला आणखी एक मूल मनापासून हवे असेल, तर फीचा कागद बाजूला ठेवून नवऱ्याशी बोल. नको असेल, तर सासूबाईंना तसे आदराने आणि स्पष्ट सांग. एकटीला अवघड वाटले तर रविवारी मी येते, आपण दोघी मिळून बोलू.

तुझी,
मॅडम