मनसरचं मँगनीज इंदूरला नेण्याआधी

नागपूर

अनेक आशीर्वाद.

इंदूरला इंडस-२ वर, म्हणजे तिथल्या क्ष-किरण देणाऱ्या सिंक्रोट्रॉनवर, वेळ मिळाली, आता तिथल्या बीमचीच चिंता लागली असेल. पण मँगनीज क्ष-किरण किती शोषतं हे मोजमाप बिघडतं ते बहुधा इथेच, खलात.

मँगनीज डायऑक्साइड अ‍ॅगेटच्या खलात दोन-तीन मायक्रॉनपर्यंत घोट. के-एज म्हणजे ज्या ऊर्जेला मँगनीजचं शोषण एकदम उडी घेतं ती जागा; तिच्या वर सातेक मायक्रॉनमध्येच किरणांचं शोषण भरपूर होतं. कण जाड राहिले तर मधल्या फटींतून किरण तसेच निसटतात आणि व्हाइट लाइन, म्हणजे एजवरचं टोकदार शिखर, खोटी बुटकी दिसते. १३ मिमीच्या डायमध्ये गोळी दाब: ५ मिग्रॅ ऑक्साइड, भरणीला १०० मिग्रॅ बोरॉन नायट्राइड. एजवरची उडी १ च्या आसपास यायला हवी. जास्त पावडर घातली की सिग्नल सुधारेल, या मोहात पडू नकोस.

मनसरच्या खाणीतल्या दगडात ब्राउनाइट सापडतं. त्यात मँगनीज दोन आणि तीन अशा दोन्ही ऑक्सिडेशन स्टेटमध्ये असतं आणि एजची जागा फक्त सरासरी सांगते. म्हणून आधी एक्सआरडी (खनिजं ओळखणारं क्ष-किरण विवर्तन) कर आणि मँगनीज दोन, तीन आणि चार स्टेटमध्ये असलेली तिन्ही शुद्ध ऑक्साइडं त्याच पाळीत मोज. दगडात लोखंडही असतं. त्याची एज ७११२ इलेक्ट्रॉन व्होल्टला येते, त्यामुळे एक्झाफ्स, म्हणजे एजनंतरच्या शोषणातल्या लहरींचं मोजमाप, k (इलेक्ट्रॉनचा तरंगांक) = १२ च्या आसपास संपवावं लागतं. मँगनीजचं फॉइल दुसऱ्या आणि तिसऱ्या आयन चेंबरच्या (किरणांची तीव्रता मोजणाऱ्या) मधोमध कायम असू दे. ऊर्जा निवडणारा मोनोक्रोमेटर सरकतो, प्रत्येक स्कॅन फॉइलच्या एजला, ६५३९ इलेक्ट्रॉन व्होल्टला, जुळवून घे.

एक्सपीएसमध्ये क्ष-किरणांनी पृष्ठभागातून निघालेले इलेक्ट्रॉन मोजतात. तिथे मँगनीजच्या २पी शिखरावरून ऑक्सिडेशन स्टेट ठरवू नकोस, ती शिखरं एकमेकांत मिसळतात. ३एसच्या दोन शिखरांमधलं अंतर बघ: एमएनओमध्ये सुमारे ६, डायऑक्साइडमध्ये साधारण ४.६ इलेक्ट्रॉन व्होल्ट. अंतरच मोजायचं असल्यामुळे चार्जिंगने (नमुन्यावर विद्युतभार साठून) सगळा स्पेक्ट्रम सरकला तरी फारसं बिघडत नाही. पृष्ठभाग आर्गॉनच्या आयनांनी खरवडू नकोस, डायऑक्साइड तिथल्या तिथे क्षपण पावतं.

आणि ऑक्सिजन १एसमधल्या ५३१-५३२ इलेक्ट्रॉन व्होल्टच्या खांद्याला ‘ऑक्सिजन व्हेकन्सी’ (ऑक्सिजनची रिकामी जागा) म्हणायची फॅशन आहे. अरे, जिथे अणूच नाही तिथून इलेक्ट्रॉन कुठला निघणार? तिथे हायड्रॉक्सिल, कार्बोनेट असतात. जुलैत नागपूरच्या दमट हवेत पावडर उघडी राहिली की हाच खांदा वाढतो. तेव्हा घोटलेली पावडर लगेच डेसिकेटरमध्ये टाक आणि प्रत्येक गोळीच्या पाकिटावर वजन, तारीख लिही.