वाचकांचे प्रश्न : परमुलखातून आलेले पालक शाळेत का येत नाहीत?

प्रश्न : जालन्याच्या औद्योगिक वसाहतीलगतच्या जिल्हा परिषद शाळेत मी मुख्याध्यापिका आहे. लोखंडाच्या कारखान्यांत काम करणाऱ्या बिहार-उत्तर प्रदेशातील कुटुंबांची, जवळच्या तांड्यावरील बंजारा समाजाची आणि घरी दखनी बोलणारी मुले आमच्याकडे शिकतात. सर्वांना शाळा आपली वाटावी म्हणून गेल्या वर्षी आम्ही वेशभूषेचा कार्यक्रम घेतला. मुले हौसेने नटून आली, मात्र त्यानंतरच्या पालकसभेला परप्रांतीय पालकांपैकी दोघेच आले. या लोकांना शिक्षणाविषयी आस्थाच नाही, असे सहकारी म्हणतात. आपले मत काय?
— एक मुख्याध्यापिका, जालना

उत्तर : आस्था नसती, तर अनोळखी गावात आल्यावर त्यांनी मुलाचे नाव शाळेत घातलेच नसते. सभेला न येण्याची कारणे मला अगदी साधी दिसतात, आणि ती आपल्याच हातात आहेत. सभा सकाळी अकराला असेल, तर दिवसपाळीचा कामगार भट्टीसमोर उभा असतो, रातपाळीचा नुकताच झोपलेला असतो, आणि रोजंदारीवरच्या माणसाला सभेसाठी आख्ख्या दिवसाची मजुरी सोडावी लागते. त्याऐवजी पाळी सुटल्यानंतर, त्यांच्या वस्तीतच, एखाद्या खोलीसमोरच्या ओट्यावर अर्ध्या तासाची बैठक घेऊन पाहावी. बायका एरवी शाळेच्या पायरीपर्यंत येत नाहीत, त्या तिथे बोलू लागतील.

निरोपाच्या भाषेकडेही लक्ष द्यावे. मराठी आणि हिंदी दोन्हींची लिपी देवनागरी असल्यामुळे सूचना वाचली म्हणजे कळली, असे आपण धरून चालतो. ‘विनापरवानगी गैरहजर राहिल्यास शिक्षा होईल’ हे वाक्य बिहारच्या पालकाने वाचले, तर त्याला त्यात धाक दिसणारच नाही, कारण हिंदीत ‘शिक्षा’ म्हणजे शिक्षण. शिवाय अनेक पालकांना वाचताच येत नाही. म्हणून फोनवर एका मिनिटाचा बोललेला निरोप पाठवावा, आणि तो त्यांच्यातीलच एखाद्या आईच्या आवाजात असेल तर फारच उत्तम. ‘बिहारी’ म्हणून आपण ज्यांना एकत्र मोजतो, त्यांत कोणी भोजपुरी बोलतो, कोणी मैथिली. घरी काय बोलता, एवढे प्रत्येकाला विचारून मुलाच्या नावापुढे लिहून ठेवले, तरी शिक्षकाच्या वागण्यात फरक पडतो. मात्र आईवडिलांशी नाजूक विषयावर बोलताना, म्हणजे मुलाच्या आजाराविषयी किंवा घरातल्या भांडणाविषयी, त्याच मुलाला दुभाषी करू नये. त्याच्यावर तो भार पडतो आणि आईवडीलही मोकळे होत नाहीत.

तसेच वस्तीतल्या ठेकेदाराला ‘समाजाचा प्रमुख’ मानून सगळे त्याच्यामार्फत कळवण्याची सोय मोहात पाडणारी असली, तरी ती टाळावी. ज्याच्याकडून उचल घेतलेली आहे, त्याच्यादेखत माणूस खरे बोलत नाही. तांड्याच्या नायकाचा मान अवश्य राखावा. पण नायक आला म्हणजे तांड्यातल्या सगळ्या आया आल्या, असे होत नाही.

कागदपत्रांची भीती हे आणखी एक कारण आहे, आणि त्याविषयी तरी पालकांना निर्धास्त करणे आपले कर्तव्यच आहे. 2009 च्या बालशिक्षण हक्क कायद्यानुसार वयाचा पुरावा नाही म्हणून मुलाला प्रवेश नाकारता येत नाही, आणि आधीच्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला, म्हणून प्रवेश अडवूनही ठेवता येत नाही. हे पहिल्याच भेटीत, कोणी विचारण्याची वाट न पाहता सांगावे.

आता वेशभूषेविषयी. कार्यक्रम वाईट नव्हता, पण त्यात या कुटुंबांना एक दिवस पाहिले गेले. त्यांचे म्हणणे मात्र कोणी विचारले नाही. त्याच कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असावेत, निम्म्या स्त्रिया असाव्यात आणि दुर्बल व वंचित गटांतील मुलांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात स्थान मिळावे, अशी तरतूद केली आहे. आपल्या समितीच्या यादीवर एकदा नजर टाकावी. कारखान्यातल्या कामगाराची पत्नी त्या यादीत आली, पोषण आहाराच्या वेळेपासून संडासाच्या कडीपर्यंत तिचे मत घेतले गेले आणि त्याप्रमाणे काही बदललेले तिला दिसले, की पुढच्या सभेला ती शेजारणीला घेऊन येईल.

आणि एक गोष्ट मला मनापासून सुचवायची आहे. मराठवाड्यातल्या कितीतरी तांड्यांवरून माणसे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. मुकादमाची उचल, पाचटाची कोपी, कानडी मुलखात मुलाची बुडणारी शाळा हे सारे त्यांनी भोगलेले असते. आपल्या शाळेतल्या तांड्यावरच्या पालकांतही अशी माणसे असतील, तर ती आणि बिहारचे कामगार पालक यांना एकाच सतरंजीवर बसवून, परमुलखात शाळेकडून कोणती मदत हवी होती, एवढाच प्रश्न विचारावा. आपल्याला जे कोणत्याही प्रशिक्षणात कळणार नाही, ते तिथे कळेल. मराठवाड्याला हे मिश्रण नवे नाही. 17 सप्टेंबर 1948 पर्यंत हा प्रदेश निजामाच्या राज्यात मराठी, तेलुगू, कानडी आणि उर्दू भाषकांबरोबर नांदत होता, आणि नांदेडच्या तख्त हजूर साहिबभोवतीची शीख कुटुंबे आजही मराठी सहज बोलतात.

प्रश्न : आमच्या सार्वजनिक वाचनालयात तेलुगू आणि उर्दू वाचणारे सभासद होत नाहीत. वर्गणी माफ करावी काय?
— ग्रंथपाल, देगलूर

उत्तर : वर्गणी ही अडचण नसावी, त्यांना वाचता येईल असे कपाटात काय आहे, ते आधी पाहावे. पुढच्या खरेदीतील काही रक्कम वेगळी ठेवून पुस्तके त्याच वाचकांना निवडू द्यावीत, आणि तेलुगू व उर्दू वर्तमानपत्रे बाहेरच्या टेबलावर, मराठीच्या बरोबरीने ठेवावीत. गावातल्या उर्दू जाणणाऱ्या ज्येष्ठांना वाचक म्हणून तर बोलवावेच, पण जाणकार म्हणूनही बोलवावे. 2023 साली कुणबी नोंदींसाठी निजामकालीन दफ्तरे उघडली गेली, तेव्हा उर्दू आणि मोडी वाचणाऱ्यांची किती गरज भासली, हे आपण पाहिलेच आहे. आपल्याकडेही अनेक घरांत आजोबांच्या जमिनीचे उर्दू कागद पेटीत पडून असतील. आठवड्यातून एक संध्याकाळ हे ज्येष्ठ वाचनालयात बसून असे कागद वाचून दाखवू लागले, तर मराठी भाषक सभासदच त्यांना शोधत येतील.