स्क्रू चकचकीत, मग कडं निघालं कसं?

प्रश्न : जानेवारीतल्या एका रविवारी दुपारी साडेतीनला मी आणि माझा भाचा दोनापावलाहून होडी घेऊन निघालो. १४ फुटी, दोन शिडांची, प्लायवूडवर फायबर चढवलेली. चार वर्षांपूर्वी जुनी विकत घेतली होती. वारा वायव्येचा, ओहोटी लागलेली. झुआरीच्या मुखाशी लाटा आखूड आणि उभ्या झाल्या. एकाएकी हातातला सुकाणूचा दांडा हलका लागला. वळून पाहतो तर मागच्या फळीवरचं, सुकाणूची पिन ज्यात बसते ते खालचं कडं स्क्रूसकट उपटलेलं आणि सुकाणू वरच्या एकाच पिनेवर लोंबकळतंय. होडी गर्रकन वाऱ्याकडे तोंड करून थांबली, शिडं फडफडू लागली, ओहोटी आम्हाला बाहेर ओढू लागली. शेवटी मासे घेऊन परतणाऱ्या एका होडीवाल्याने दोर टाकला. त्याचा पहिला प्रश्न, "सुकाणू खंय?" वाटेत आमची होडी त्याच्या मागे अशी डावी-उजवीकडे झोकांड्या खात होती की भाच्याला ओकारी झाली. स्क्रू उत्तम स्टेनलेसचे आहेत, आजही चकचकीत. मग कडं निघालं कसं? आम्हाला आपलं आपण परत येता आलं असतं का? घरचे म्हणतात, विकून टाका.
(एक वाचक, ताळगाव)

उत्तर : स्क्रू चकचकीत आहेत असं तुम्ही लिहिलंत, तिथेच निम्मं उत्तर आलं. ते ज्या लाकडात बसले होते ते लाकूड संपलंय. मागच्या फळीवरच्या त्या भोकांत एक खिळा घालून टोचून पाहा. चहात बुडवून विसरलेल्या बिस्किटासारखा काळा लगदा निघेल, माझी पैज. होडी तुम्हाला झुआरीवर मोडलेली दिसली. मोडली ती पावसाळ्यात, तुमच्या अंगणात.

लोक खाऱ्या पाण्याला शिव्या देतात. लोखंडाच्या बाबतीत ते ठीक. लाकडाला मात्र समुद्राच्या पाण्यापेक्षा पावसाचं पाणी वाईट, कारण लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला मीठ मानवत नाही. आता आपण काय करतो? १ जूनला मासेमारीबंदी लागते, त्याच सुमाराला हौशी मंडळीही होड्या वर काढतात. माडाखाली सुलटी ठेवायची, वर ताडपत्री टाकायची आणि चवथ (गणेश चतुर्थी) होईपर्यंत तिकडे बघायचं नाही. ताडपत्रीच्या खळग्यात पाणी साचतं, एखादी चुडती पडून भोक पडलं की ते सगळं आत. होडी जरा मागे कललेली असली तर हे पाणी मागच्या फळीला लागून आठवडेच्या आठवडे उभं. स्क्रूच्या भोकात सीलंट भरलेलं नसेल तर प्लायवूड ते पीत राहतं. वरचं फायबर गुळगुळीत, रंग शाबूत, त्यामुळे संशय येत नाही. मी तीस वर्षं तारवटी म्हणून बोटींवर काढली आणि तरी माझ्या स्वतःच्या होडीची फळी अशीच घालवली, म्हणून एवढं ठामपणे सांगतोय.

दुरुस्ती अवघड नाही, किचकट आहे. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने मागची फळी सगळी ठोकत जा. टणक आवाज येतो तिथे खडूने फुली, धप्प येतो तिथे गोल. गोल दोन-चार बोटांपुरतेच असतील तर कुजकं कोरून काढा, आतलं लाकूड पुरतं वाळू द्या (फेब्रुवारी-मार्चच्या उन्हात, पुढे ढकलू नका) आणि इपॉक्सीने भरा. गोल सगळ्या फळीवर पसरले तर फळी बदलायची, दुसरा इलाज नाही. कडी परत बसवताना स्क्रू नकोत. आरपार बोल्ट, आतून धातूची पट्टी, सगळं ३१६ प्रतीच्या स्टेनलेसचं, भोकांत सीलंट. आणि सुकाणू लाटेवर उचलून निसटू नये म्हणून वरती जी छोटी क्लिप असते ती जागेवर आहे ना, तेही बघा.

आता परत येण्याबद्दल. दोनापावलाला तुम्ही पोचला नसता. वारा जवळजवळ तोंडावर होता आणि सुकाणूशिवाय वाऱ्याला चढणं कठीण काम. पण बांबोळी-शिरदोनच्या बाजूला, वारा कुशीवर घेऊन, सरकता आलं असतं. मोठं शीड उतरवायचं, पुढचं लहान ठेवायचं, एकाने मागे बसून वल्हं पाण्यात सुकाणूसारखं धरायचं. होडी वाऱ्याकडे वळू लागली तर दोघांनी वाऱ्याच्या बाजूला सरकून तिला तिकडे कलती करायची, ती परत फिरते. भांगाच्या दिवशी (भरती-ओहोटी कमी असते तेव्हा), शांत पाण्यात, हे एकदा मुद्दाम सुकाणू काढून करून पाहा. पहिला अर्धा तास गोल गोल फिराल.

पण तुमच्या पत्रात वल्ह्याचं नाव नाही, नांगराचंही नाही. फळी कुजलेली कळली नाही, हे मी समजू शकतो; हे दोन्ही घरी ठेवून ओहोटीला झुआरीच्या तोंडावर गेलात, त्याबद्दल मात्र तुम्हाला रागवायला हवं. चार-पाच मीटर पाणी असेल तर २५ मीटर दोराचा लहानसा नांगर पुरतो. सुकाणू गेलं, शिडं खाली, नांगर टाकला की ओहोटी तुम्हाला नेत नाही आणि डोकं चालवायला वेळ मिळतो. मोबाइल पाणी न शिरणाऱ्या पिशवीत, त्यात तटरक्षक दलाचा १५५४.

भाच्याच्या ओकारीवरही उपाय आहे. कोणी ओढून नेताना होडीच्या पोटातून खाली सोडायची फळी जवळजवळ सगळी वर घ्या आणि दोघेही मागे बसा, म्हणजे नाक वर राहतं आणि होडी झोकांड्या खात नाही. दोर नाकाडावरच्या कड्याला बांधू नका. तेही स्क्रूवरच बसवलेलं असेल! डोलकाठीच्या बुंध्याला बांधा.

विकायचं की नाही ते खडूच्या गोलांवर ठरवा. ठेवलीत तर येत्या जूनमध्ये होडी उपडी करून ओंडक्यांवर ठेवा, खालून वारा खेळू द्या. उपडी करायला माणसं मिळत नसतील तर निदान नाक उंच करून मागचं बूच काढून ठेवा, आणि ते बूच सुकाणूच्या दांड्याला बांधा, नाहीतर ऑक्टोबरात सापडत नाही.