पदकाच्या कडेवरचा ११७

प्रश्न : आमचे पणजोबा खानापूर तालुक्यातून पलटणीत गेले होते. त्यांचं चांदीचं गोल पदक घरात आहे, कडेवर नाव आणि ‘११७ मराठाज’ असं कोरलंय. बेळगावात चौकशी केली तर अशी पलटणच नाही म्हणाले. आणि भाऊबंद अजून आमच्या घराला ‘घोडं खाल्लेल्यांचं’ म्हणतात. खरं काय?
– एक वाचक, खानापूर तालुका

उत्तर : ११७ होती की! १९२२ साली इंग्रज सरकारनं फौजेची घडी बदलली, तेव्हा १०३, १०५, ११०, ११४, ११६ आणि ११७ या पलटणी मिळून ५वी मराठा लाइट इन्फंट्री झाली. ११७ला त्याआधीच ‘रॉयल’ किताब मिळाला होता, ती या नव्या रेजिमेंटची पाचवी बटालियन ठरली. ११४ रंगरूट घडवणारी पलटण झाली. बेळगावच्या कॅम्पातल्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या सेंटरचं मूळ तेच. आजच्या पाट्यांवर ११७ कुठून दिसणार?

आता घोड्याचं. ११७ ही पुणे डिव्हिजनची पलटण. पहिल्या महायुद्धात, नोव्हेंबर १९१४मध्ये, ती मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात उतरली. पुढच्या वर्षी या डिव्हिजनचा इंग्रज सेनापती जनरल टाऊनशेंड याची फौज बगदादच्या वाटेवर अडली, मागे फिरली आणि कुत-अल-अमारा या गावात तुर्कांच्या वेढ्यात कोंडली गेली. ७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६ असा तो वेढा. विमानांतून पिठाची पोती टाकली, दळायला जात्याचे दगडसुद्धा टाकले, पण हजारोंच्या पोटाला ते कुठं पुरायला! घोडी, खेचरं कापायला लागली. गोऱ्यांनी खाल्लं, आपल्यातले कितीतरी जण अडून बसले. हिंदुस्थानातून धर्मगुरूंच्या परवानगीच्या तारा मागवल्या, तरी मन होईना. घरी कळलं तर जातीत कोण घेणार, मुलीला स्थळ कसं येणार, ही धास्ती. तोवर हिरड्या सुजून माणसं स्कर्व्हीनं दवाखान्यात पडत होती. अखेर एप्रिलात बहुतेकांनी खाल्लं. त्यांची धास्ती खोटी नव्हती, हे तुमच्या भाऊबंदांनी शंभर वर्षं दाखवून दिलंय.

शरणागतीनंतर टाऊनशेंडसाहेब इस्तंबूलजवळच्या बेटावर आरामात राहिले. शिपायांना वाळवंटातून चालवत नेलं आणि रेल्वेच्या कामाला जुंपलं. कितीतरी तिथंच गेले. माझ्या मते त्या साहेबाला जेवढी पानं मिळाली तेवढी या शिपायांना मिळायला हवी होती.

तुमचे पणजोबा कुतमध्ये होते का, हे मात्र त्या गोल पदकावरून ठरत नाही. पुढच्या बाजूला राजाचं तोंड, मागे घोडेस्वार, असं ते असेल. ते युद्धावर गेलेल्या सगळ्यांनाच मिळायचं, १९१८ला भरती झालेल्यालाही. पेटी परत उपसा आणि पितळी रंगाची चांदणी शोधा, मधे तलवारींची फुली आणि ‘१९१४-१५’ असलेली. १९१५ संपायच्या आत रणांगणावर पोचला त्यालाच ती मिळे. नाव-नंबर तिच्या पाठीवर असतो. ती सापडली आणि तिच्यावरही ११७ असेल, तर कुतची शक्यता बरीच वाढते. मग जुने पेन्शनचे कागद बघा, कैदेचा काळ त्यात नोंदला असेल तर प्रश्नच मिटला. युद्धातल्या मृतांच्या याद्या चाळू नका, परत आलेल्याचं नाव त्यात नसतं.

आणि ते पदक दसऱ्याला राखेनं किंवा पितांबरीनं घासू नका. कडेवरची अक्षरं आधी झिजतात.