तंटामुक्त गाव मोहिमेमुळे गुन्हे खरंच कमी झाले का?

प्रश्न : माजी गृहमंत्री आर. आर. (आबा) पाटलांच्या तंटामुक्त गाव मोहिमेमुळे खेड्यातले गुन्हे खरंच कमी झाले का? आमच्या गावात समितीच्या अध्यक्षपदासाठी माझं नाव पुढे आलंय. घ्यावं का?

उत्तर :

नोंदी कमी झाल्या. गुन्हे कमी झाले का ते पोलीस ठाण्याच्या आकड्यांवरून कळायचं नाही, कारण नोंद न होणं यालाच त्या मोहिमेत यश मानायची सवय लागली होती.

आबांबद्दल वाकडं बोलायला मी बसलेली नाही. तासगाव तालुक्यातल्या अंजनीचा माणूस, जिल्हा परिषदेतनं वर आलेला. खेड्यातला खून एका रात्रीत होत नाही, त्याआधी दोन-चार वर्षं बांधावर शिवीगाळ चाललेली असते, हे ओळखणारा गृहमंत्री आपल्याला क्वचितच मिळाला. ग्रामविकास खातं असताना त्यांनी गाडगेबाबांच्या नावानं स्वच्छता अभियान काढलं, गावागावांत चुरस लावली आणि मंडळींनी खरंच झाडू हातात घेतले. गृहखातं आल्यावर तोच साचा २००७च्या १५ ऑगस्टपासून तंट्यांना लावला, गावचे तंटे गावच्याच समितीनं मिटवायचे. गुण द्यायचे, मूल्यमापन करायचं, लोकसंख्येप्रमाणे १ लाखापासून १० लाखांपर्यंत बक्षीस. पण झाडलेला रस्ता डोळ्यांना दिसतो. मिटलेला तंटा फक्त रजिस्टरात दिसतो, आणि रजिस्टर लिहिणारे आपलेच असतात.

समितीत बायका घ्यायच्याच होत्या म्हणून आमच्या गावात मला घेतलं. मी अंगणवाडी सेविका, शिवाय अध्यक्ष आमचे थोरले भावजी, तेव्हा घरातलीच बरी, असा हिशेब. पहिले काही महिने काम चांगलं झालं, हे मीच सांगते. सामाईक विहिरीच्या पाळीवरून दोन घरं वडिलांच्या वेळेपासून बोलत नव्हती. भावजींनी त्यांना रात्री उशिरापर्यंत चावडीत बसवून पाळीचे वार लिहून घेतले, आणि ते आजतागायत पाळले जातात. कोर्टात हे झालं नसतं.

मग भावकीतल्या एका सुनेचं प्रकरण आलं. नवरा पिऊन मारायचा, सगळ्या आळीला ठाऊक. एक दिवस ती पोराला अंगणवाडीत सोडायला आली ती हात गळ्यात बांधून. हाड मोडलं होतं. म्हणाली, बाई, मला ठाण्यात जायचंय, बरोबर येता का. मी हो म्हणाले आणि घरी सांगून निघावं म्हणून गेले, तर तोवर बातमी भावजींपर्यंत पोचलेली. मूल्यमापनाची कमिटी तोंडावर आली होती. "सूनबाई, गावची अब्रू आहे, ठाण्यात कशाला? चावडीतच मिटवू," म्हणाले.

मिटवलं. नवरा बाकावर, पुरुषमाणसांच्या ओळीत. ती दाराशी उभी, पदर दातात धरून. त्यानं "चुकलं" म्हणायचं, तिला साडी घ्यायची, देवळात नारळ फोडायचा. तिला काय पाहिजे हे कुणी विचारलं नाही. रजिस्टरात लिहिलं, "किरकोळ घरगुती वाद, सामोपचाराने मिटला." मी सही केली नाही. हात मोडलाय तर किरकोळ कसा, एवढंच विचारलं. भावजी माझ्याशी दिवाळीपर्यंत बोलले नाहीत.

हाड मोडणं ही कायद्यात गंभीर दुखापत आहे. त्यात तडजोड करायची तरी कोर्टाची परवानगी लागते. सासरच्या छळाच्या कलमात तर तडजोडीची सोयच नाही. कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा २००६च्या ऑक्टोबरात लागू झालेला, म्हणजे मोहिमेच्याही आधी. अशा बाईच्या मदतीला त्या कायद्यात संरक्षण अधिकारी नावाचं कुणी असतं, हे त्या बैठकीत एकानंही उच्चारलं नाही. पुढच्या उन्हाळ्यात त्यानं पुन्हा मारलं, तेव्हा ती भावाला घेऊन सरळ ठाण्यात गेली आणि मीही गेले. गुन्हा दाखल झाला. बक्षीस तरीही मिळालं, त्यातनं वेशीवर कमान उभी राहिली. भावजी मात्र अजून लग्नाकार्यात चारचौघांत म्हणतात, हिच्यापायी गावचं बक्षीस जायची वेळ आली होती.

आबांचा विचार घरातल्या कर्त्या माणसाचा होता. पोरं ज्यानं बिघडतात ते हटवायचं. २००५ची डान्सबारबंदी तशीच. तीन तारे आणि त्यावरच्या हॉटेलांना सूट, बाकीच्यांवर बंदी. उच्च न्यायालयानं ती २००६ मध्ये रद्द केली, सर्वोच्च न्यायालयानं २०१३ मध्ये तेच कायम केलं. बिघडलेला पोरगा सुधारावा म्हणून रोजगार गेला तो नाचणाऱ्या बाईचा. आमच्या चावडीतही नवऱ्याला सुधारायची एक संधी मिळाली, ती त्या सुनेच्या हाताच्या खर्चानं. दारूबंदीच्या मतदानाचंही बघा. आडवी बाटली म्हणजे दुकान बंद, उभी म्हणजे चालू. आडवी बाटली जिंकायला गावातल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त मतं लागतात. ऊसतोडीला गेलेली, माहेरी गेलेली, नवऱ्यानं घरात बसवलेली, सगळ्या उभ्या बाटलीच्या खात्यात जमा.

आता हेही खरं की गंभीर गुन्हे चावडीत मिटवा असं मोहिमेत कुठंही म्हटलेलं नव्हतं. फौजदारीत कायद्यानं तडजोड चालते तेवढेच तंटे घ्यायचे होते. ते आमच्या गावच्या शहाण्यांनी वाढवलं. विदर्भात याच समित्यांनी घरच्यांचा विरोध असलेल्या कितीतरी जोडप्यांची लग्नं लावून दिली, ते आमच्याकडे झालं असतं तर भावजींना फेफरं आलं असतं. तेव्हा एका गावावरून राज्य तोलू नका.

अध्यक्षपद घ्या. बांध असेल तर आधी सरकारी मोजणी करून क प्रत, म्हणजे मोजणीचा नकाशा, हातात घ्या आणि मगच दोघांना बसवा. वहिवाटीचा रस्ता कुणी अडवला असेल तर मामलेदार कोर्ट कायद्याखाली तहसीलदाराकडे अर्ज करायला लावा. केस कोर्टात असेल तर तडजोड लोकअदालतीत नोंदवा, तिला हुकूमनाम्याचं बळ येतं. आणि अंगावर वळ घेऊन बाई आली तर तिला चावडीची पायरी चढवू नका. गाडी काढा, दवाखान्यात न्या, तिथनं ठाण्यात. सोबत बाईमाणूस असू द्या. गावची अब्रू म्हणणारे भेटतीलच, बहुतेक तुमच्या घरातच.

आमच्या भावजींना हे उत्तर कुणीतरी वाचून दाखवीलच. खुशाल दाखवा. त्या रजिस्टराच्या पानाची झेरॉक्स माझ्याकडे आहे, आणि माझ्या नावापुढची सहीची जागा अजून कोरी आहे.