१४ मिमीचा मुतखडा: शॉकवेव्ह, लेझर की पाठीतून दुर्बीण?

खडा किडनीच्या खालच्या कप्प्यात आहे, डॉक्टरांनी तीन उपाय सांगितलेत आणि तुमचा कल 'चिरफाड नको' म्हणून शॉकवेव्हकडे आहे, असं तुम्ही लिहिलंय. माझाही खडा तिथेच होता, १३ मिमीचा, आणि मीही अगदी याच कारणाने शॉकवेव्ह निवडली होती. मी डॉक्टर नाही, तेव्हा हे रुग्णाचं मत म्हणून वाचा.

शॉकवेव्ह, म्हणजे लिथोट्रिप्सी, शरीराबाहेरून लहरी सोडून खडा फक्त फोडते. तुकडे लघवीवाटे आपले आपण पडायचे असतात. खालचा कप्पा विहिरीच्या तळासारखा. तिथले तुकडे वर चढून बाहेर येणार कसे? माझ्या दोन सिटिंग झाल्या, थोडा भुगा पडला, बाकीचं तळाशीच राहिलं. शिवाय सीटी स्कॅनच्या रिपोर्टमध्ये खड्याची घनता लिहिलेली असते, एचयू नावाच्या आकड्यात. साधारण १००० च्या वर गेली की लहरींनी खडा नीट फुटत नाही. माझ्या रिपोर्टमध्ये १२०० च्या पुढे होती. कागद घरातच पडलेला, मी वाचलाच नव्हता! खडा वरच्या किंवा मधल्या भागात, लहान आणि मऊ असता तर मीही शॉकवेव्हच सांगितली असती.

मग आरआयआरएस केली. पूर्ण भूल देतात, लघवीच्या मार्गानेच लवचीक दुर्बीण थेट किडनीत नेतात आणि लेझरने खड्याची पूड करतात. कुठेही काप नाही. मी दुसऱ्या दिवशी घरी आलो. त्रास झाला तो नंतर, आत ठेवलेल्या डीजे स्टेंटचा, म्हणजे किडनीपासून मूत्राशयापर्यंत काही दिवस ठेवतात त्या बारीक नळीचा. सारखी लघवीची घाई, लालसर लघवी, आणि लघवी करताना कमरेत कळ. दोन आठवडे वैताग होता. पण काढायची तारीख चुकवू नका. स्टेंट महिनोन् महिने आत राहिला तर त्याच्यावरच खडे जमतात आणि तो काढणं हेच एक ऑपरेशन होऊन बसतं.

पीसीएनएल मी करून घेतलेली नाही. पाठीतून साधारण एक सेंटिमीटरचं छिद्र पाडून खडा फोडतात आणि तिथूनच बाहेर काढतात. २० मिमीच्या वरच्या खड्याला सहसा हीच पहिली पसंती असते. बहुधा एकाच वेळेत किडनी साफ होते. मात्र रक्तस्रावाचा धोका तिघांत हिचा जास्त, आणि दवाखान्यात दोन-तीन दिवस राहावं लागतं. छिद्र आणखी लहान ठेवणारी मिनी पद्धतही आहे. तुमचा खडा कठीण निघाला तर तीही विचारून ठेवा.

म्हणून डॉक्टरांना 'टाके किती?' हे विचारण्यापेक्षा 'माझा खडा पूर्ण निघायला किती वेळा यावं लागेल?' हे विचारा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर आधीच सांगा. खडा युरिक ॲसिडचा असल्याचा संशय असेल तर औषधाने विरघळतो का, तेही विचारा. आणि वाट पाहत असताना थंडी वाजून ताप आला, तर ठरलेल्या तारखेसाठी थांबू नका, त्याच रात्री दवाखाना गाठा.

निघालेला तुकडा तपासणीला पाठवायला सांगा. माझा कॅल्शियम ऑक्झलेट मोनोहायड्रेटचा निघाला, म्हणजे शॉकवेव्हला सहसा दाद न देणाऱ्यांपैकीच.